छायुन काकूंचं आढं

छायुन काकूंनी साठ वर्षांत कुणाला शिवी दिली नव्हती. कोंबड्या परसातल्या कोवळ्या मोहरीवर तुटून पडल्या तरी त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अगं बायांनो, पुरे की आता." कोंबड्यांना ते पटायचं नाही. मग काकू स्वतःच घरात निघून जायच्या.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून चिनताओ ताईंचं घर. शीवेई गावातलं बोलायचं काम जणू चिनताओ ताईंनी एकटीनंच अंगावर घेतलं होतं. नवरा, पाच मुलं, सुना, अकरा नातवंडं, दोन डुकरं, आणि या सगळ्यांना पुरून उरेल असा आवाज. त्यांच्या घरी आज काय करपलंय ते नदीपलीकडच्या माणसालाही ठाऊक असायचं. बेचाळीस वर्षं या दोन बाया शेजारी राहत होत्या, आणि शेजारधर्म असा वाटून घेतला होता की एकीनं बोलायचं आणि दुसरीनं ऐकायचं.

काकू अठराव्या वर्षी पालखीत बसून जुन्या पुलावरून या गावात आल्या. नवरा तेचुआन अळंबीवाला. आमच्या डोंगरातले अळंबीवाले भात कापून झालं की दूरच्या रानात जातात, ओंडक्यांवर अळंबी पिकवतात आणि वसंतात परततात. त्यामुळे अकरा वर्षांचा संसार प्रत्यक्षात साडेपाच वर्षांचाच भरला. मूल झालं नाही. दर वर्षी निघण्याआधी तेचुआन आपल्या उतारावर देवदाराच्या फांद्या रोवून जायचा. बाराव्या वर्षी एकच रोवली, कारण पाऊस आला आणि सोबती घाई करत होते. त्या वसंतात सोबती आले ते त्याचं गुंडाळलेलं अंथरूण घेऊन. तो तिकडेच तापानं गेला होता.

ती एकच फांदी मात्र जगली आणि उतारावर सगळ्यांत उंच झाली. बुंध्याशी तिला नवे कोंबही फुटले, चांगले नऊ. काकू वर जाऊन झाडाभोवतीचं तण काढायच्या. लोक म्हणायचे, त्या झाडाशी बोलतात. खोटं आहे ते. तेवढं बोलायची सवय असती तर त्या माणसांशीच नसत्या का बोलल्या?

गाव त्यांच्याशी वाईट वागत होतं असं कुणी म्हणू नये. फक्त विधवा, त्यातून मूल नसलेली, म्हणून नव्या नवरीच्या वाटेत त्यांनी यायचं नाही, बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, एवढंच. हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही. लग्न कुणाचंही असो, मागच्या स्वयंपाकघरात कढईपाशी त्या असायच्या. चिकट तांदळाच्या वड्या त्यांच्यासारख्या कुणालाच जमत नसत.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो पूर आला. एकशे बारा वर्षांचा पूल होता आमचा, लाकडी, छपराचा. असा पूल वजनावर टिकतो. वर जेवढा भार, तेवढे खालचे ओंडके एकमेकांना घट्ट धरतात. म्हणून त्या सकाळी सगळं गाव धावलं आणि दगडी उखळं, दारूचे रांजण, जाती, मिळेल ते जड सामान पुलावर नेऊन ठेवलं. काकूंनी आपलं उखळ ढकलत नेलं. दुपारी पाणी पुलाच्या पोटाला लागलं, आणि उखळांसकट पूल गेला. कुणी रडलं नाही. सगळे नुसते उभे होते.

पण खालच्या गावच्या लोकांनी नदीतून आमचे ओंडके ओढून काढले आणि खांद्यावर घालून तीन दिवसांची वाट चालत परत आणून दिले. प्रत्येक लाकडावर शाईनं जुन्या सुताराच्या खुणा होत्या. त्या वाचायला वेइ मिस्त्री आले, कारण तो सुतार त्यांचा पणजोबा. अशा पुलाच्या मुख्य सुताराला आमच्याकडे 'दोरीचा धनी' म्हणतात, लाकडावर रेघ मारायची शाईची दोरी त्याच्याच हातात असते म्हणून. वेइ मिस्त्री सत्तरीचे, कमी बोलणारे, एका डोळ्यानं जरा अधू. त्या डोळ्यानंच त्यांना लाकडातला वाक जास्त दिसतो असं त्यांचे सुतार म्हणायचे.

भात कापून झालं, नदी आटली, आणि काम सुरू झालं. आधी या काठापासून त्या काठापर्यंत तीन-तीन ओंडक्यांची कमान. मग तिच्या फटींतून ओवलेली पाच-पाच ओंडक्यांची दुसरी कमान, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी. मध्ये आडवे ओंडके, आणि खिळा एकही नाही. खालचं मचाण काढलं त्या दिवशी पूल चार बोटं खाली बसला आणि असा काही करकरला की बायांनी डोळे मिटले. वेइ मिस्त्री पुलाच्या मधोमध उभे होते. "बसू द्या त्याला," एवढंच म्हणाले. काकू हे सगळं लांबून, मुळ्याच्या वाफ्यातून पाहत होत्या. सुतारांनी रेघ मारलेल्या लाकडाजवळून बायकांनी जायचं नसतं, आणि काकू अशा गोष्टींत पाच पावलं जास्तच लांब राहायच्या.

राहिलं फक्त आढं. पुलाच्या मधोमध बाळंतिणींच्या देवीचं स्थान असतं, आणि सगळ्या छपराचा माथा म्हणजे तिच्या डोक्यावरचं हे आढं. त्याचं लाकूड विकत घेत नाहीत आणि मागूनही आणत नाहीत. ते चोरायचं असतं. भरल्या घरच्या माणसाच्या डोंगरावरून, बुंध्याला कोंब फुटलेलं झाड पहाटे तोडायचं, बुंध्यावर लाल कापड बांधायचं, फटाके लावायचे आणि जमिनीला न टेकवता पळवायचं. मग मालकानं यायचं आणि चोरांना तोंडभर शिव्या द्यायच्या. शिव्या जितक्या कडक तितकं बांधकाम भाग्याचं. मालक गप्प राहिला तर लाकूड कबूल झालं नाही असं समजतात.

शिव्या म्हटल्यावर गावासमोर प्रश्नच नव्हता. चिनताओ ताईंनी आठ दिवस आधीच कबूल केलं होतं, "माझ्या उतारावरचं न्या. छायुनच्या हद्दीच्या दगडाजवळचं, मोठं. अशा शिव्या घालीन की नदी उलटी वाहील." चोरी ठरवून व्हायची आणि मालकिणीला झाडसुद्धा ठाऊक, पण त्यानं कुणाचं अडत नव्हतं. ताई डुकरांसमोर सरावही करत होत्या. "अरे मुडद्यांनो, माझ्या डोंगरावर पाय ठेवायची टाप झाली कशी!" भिंतीपलीकडे काकू भाजी निवडत ऐकायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या.

मुहूर्ताच्या पहाटे धुकं इतकं दाट पडलं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. चार जण वर गेले, त्यांत ताईंचा थोरला आ-शेंग. हद्दीचा दगड हाताला लागला, शेजारचं मोठं झाड हाताला लागलं. फक्त ते दगडाच्या अलीकडे की पलीकडे, हे धुक्यात कुणाला कळलं नाही.

उजाडल्यावर आ-शेंग काकूंच्या दारात आला. तेहेतीस वर्षांचा बाप्या माणूस, तोंडावर देवीचे वण, आणि चेहरा कपबशी फोडलेल्या पोरासारखा. काकूंचे हात तांदळाच्या पिठात होते. समारंभाला दोनशे वड्या लागणार होत्या.

"काकू, चूक झाली. धुकं होतं. आम्ही तुमचं झाड तोडलं."

"कुठलं?"

"ते... तेचुआन काकांचं."

काकूंचे हात पिठातच राहिले. त्यांनी विचारलं, "पाडताना शेंड्याला लागलं का रे?"

"नाही. जमिनीला टेकूसुद्धा दिलं नाही."

"मग ठीक आहे."

"ठीक काय काकू!" आ-शेंग रडकुंडीला आला. "शिव्या द्या ना मला! तुम्ही दिल्या नाहीत तर सगळं अडेल!"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "तू खाल्लंस का काही सकाळपासून?"

नदीकाठी सुतारांच्या दोन लाकडी घोड्यांवर ते लाकूड ठेवलं होतं, साल काढलेलं, पांढरंशुभ्र, मध्यावर लाल कापड. सगळं गाव जमलं होतं आणि सगळं गाव कुजबुजत होतं. ऊन समोरच्या कातळाच्या पायथ्याशी उतरेपर्यंत मुहूर्त होता. पुलाच्या कामाचा कारभार पाहणारे लिआओ आजोबा दाढी ओढत उभे होते.

"छायुन, तू मनाला लावून घेऊ नकोस," आजोबा म्हणाले. "झाडात खोट नाही. पण खाली देवी बसणार. गावच्या सुना तिथं मूल मागायला येणार. तेव्हा घर जरा... भरलेलं असावं."

"माझ्या उतारावर अजून सात उभी आहेत!" चिनताओ ताई घुश्शात होत्या. आठ दिवसांचा सराव वाया गेला होता. "आत्ता जा, तोडून आणा. कोण अडवतंय?"

"आणि हे?" कुणीतरी विचारलं.

"हे परत देऊ हिला. गोठ्याला होईल."

काकू हातातली वड्यांची परात घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांना ते आढं वर जायला हवं होतं. सकाळी आ-शेंग आला तेव्हा त्यांना हे कळलं नव्हतं. आता ते लाकूड असं उघडं, पांढरं समोर पाहिल्यावर कळलं. आपण गेलो की दार बंद होईल, उतार दिराच्या नातवांकडे जाईल, तेचुआन नावाचा माणूस होता हे कुणाच्या लक्षातही राहणार नाही. हे झाड वर चढलं तर राहील. आणि ते परत आलं, तर ते का परत आलं हे शीवेईतलं शेंबडं पोरही सांगेल. एवढं काही हवं असं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि ते कसं मागायचं हे त्यांना मुळीच येत नव्हतं.

वेइ मिस्त्रींनी हातातली दोरी गुंडाळली. "घर कुणाचं ते मी विचारत नाही," ते म्हणाले. "नऊ कोंबांचं झाड आहे. याहून भरलेलं घर मला कुठं दाखवता? मालकिणीनं शिव्या दिल्या की झाड कबूल झालं. पण ती मुकी राहिली तर मी हे चढवणार नाही. हा माझ्या पणजोबांपासूनचा रिवाज आहे. ऊन कातळाखाली उतरायच्या आत काय ते बोला, बाई."

सगळं गाव काकूंकडे वळलं. काकूंनी परात खाली ठेवली. हात पुसले.

"तुम्ही... तुम्ही हे काही बरं केलं नाहीत."

हशा पिकला. "काकू, जरा जोरात!"

"निदान विचारायचं तरी."

"विचारून चोरी करतात होय?"

"आणि पाय तरी जपून टाकायचे. कोंब कोवळे आहेत तिथले." काकूंनी डोंगराकडे पाहिलं. "एक तर तुडवलाच असेल."

लोक हसत होते, पण आता पोटतिडकीनं हसत होते, कारण सगळ्यांनाच वाटत होतं की तिला जमावं. "चोरट्यांनो म्हणा, काकू!" "हात झडोत म्हणा!" आ-शेंग तर पुढं येऊन मान खाली घालून उभा राहिला. काकूंनी त्याच्या खांद्यावरचा लाकडाचा भुसा झटकला. ऊन कातळाच्या माथ्यावर आलं होतं.

"सोडा हो," चिनताओ ताई म्हणाल्या. "तिला नाही जमायचं. आणि बरंच आहे. ज्या घरात पाळणा हलला नाही त्या घरचं लाकूड माझ्या सुनांच्या डोक्यावर नकोच."

ताई मनात येईल ते बोलायच्या आणि बोलून विसरायच्या. हेही त्या तशाच बोलल्या. पण हे सगळ्यांच्या मनात होतं आणि आजवर कुणी तोंडानं बोललं नव्हतं.

"चिनताओ," काकू म्हणाल्या. ताई नाही, नुसतं चिनताओ.

"काय?"

"तुझ्या जिभेला हाड आहे का गं? पाळणा नाही हलला? मग तुझ्या आ-शेंगला देवी आल्या तेव्हा तो कुणाच्या घरात होता? तुझ्या कडेवर तान्हं होतं म्हणून तू कुंपणापलीकडून ओरडायचीस, 'जगलाय का गं?' बावीस दिवस! खाजवू नये म्हणून त्याचे हात कुणी बांधले? कुणाच्या मांडीवर झोपला तो? मला 'आई' म्हणाला एकदा तापात, ते मी तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून! आणि त्याच्या लग्नात? नवरी दारातून जाईपर्यंत म्हणून स्वयंपाकघराची कडी बाहेरून लावलीस. मी आत वड्या तळत होते, अगं मेले, तुझ्याच पाहुण्यांसाठी! साडेतीनशे वड्या! आणि कडी काढायला विसरलीस. संध्याकाळपर्यंत! मी पाणी प्यायले ते तांदूळ धुतलेलं!"

"छायुन, अगं..." लिआओ आजोबा पुढं झाले.

"तुम्ही मध्ये पडू नका! तुमच्या नातवाच्या बारशाला माझ्या घरची अंडी चालली, मी नाही चालले! आणि तुम्ही, चोरट्यांनो, हात झडोत तुमचे! डोळे फुटले होते का तुमचे, दगड दिसला नाही तो? माझ्या नवऱ्यानं लावलेलं झाड ते! पावसात लावलं, चिखलाच्या हातांनी! म्हणाला, येऊन धुईन हात. मेला गेला तो गेला, अंथरूण पाठवून दिलं! मी काय करू त्या अंथरुणाचं? एकतीस वर्षं ऊन दाखवतेय मी त्याला!"

त्यांचा आवाज फुटला होता, चिरका झाला होता, आणि नदीपलीकडच्या कातळावर आपटून परत येत होता. बाया रडत होत्या. वेइ मिस्त्रींनी हात वर केला. दोरखंड ताणले गेले, माणसं एका सुरात ओरडली आणि पांढरं लाकूड घोड्यांवरून सुटून हळूहळू वर चढू लागलं. काकूंना ते दिसतही नव्हतं.

"पुरे, पुरे," लिआओ आजोबा डोळे पुसत म्हणाले. "झालं कबूल. आता थांबवा कुणीतरी हिला."

"बोलू द्या तिला!" चिनताओ ताई खेकसल्या. त्या मान खाली घालून काकूंच्या समोरच उभ्या होत्या, जागच्या हलल्या नव्हत्या. "माझं आहे ते. मला ऐकू द्या."

आढं आपल्या खाचेत बसलं तेव्हा ऊन अर्ध्या कातळावर आलं होतं. लाकडावर लाकूड बसल्याचा जाड आवाज झाला. सगळा पूल एकदा करकरला आणि गप्प झाला. काकूंनी वर पाहिलं. मग त्याही गप्प झाल्या.

वरून सुतारांनी लाल ठिपक्यांच्या वड्या खाली फेकायला सुरुवात केली, आणि रडणारं गाव त्या झेलायला धावलं. इतक्या सणसणीत शिव्या शीवेईत कुणी ऐकल्या नव्हत्या. हा पूल दोनशे वर्षं टिकणार म्हणून जो तो दुसऱ्याला सांगत होता. वेइ मिस्त्री खाली आले, काकूंसमोर उभे राहिले, अधू डोळा बारीक करून त्यांनी मान लववली आणि कामाला निघून गेले.

काकू काठावरच्या दगडावर बसल्या होत्या. घसा बसला होता. आ-शेंगनं कोमट लाल दारूचा वाडगा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांच्या पायाशी बसला, मग बायकोनं हाक मारली तसा उठून गेला. जरा वेळानं चिनताओ ताई आल्या आणि दगडाच्या उरलेल्या टोकावर बसल्या. बराच वेळ त्या नदीकडे बघत राहिल्या. एवढा वेळ त्यांना गप्प कुणी पाहिलं नव्हतं.

"मी कडी विसरले नव्हते," शेवटी त्या म्हणाल्या. "नवरी आत गेली आणि मी लगेच आले होते काढायला. पण हात उचलेना. तुला काय तोंड दाखवू असं झालं. परत गेले. मग पुन्हा आले, तेव्हाही तसंच. मग धाकट्याला पाठवलं संध्याकाळी."

"माहीत आहे मला," काकू बसक्या आवाजात म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"दाराखालच्या फटीतून तुझे पाय दिसत होते. लाल जोडे. दोन्ही वेळा."

ताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मग आतून हाक का नाही मारलीस?"

"तू रडत होतीस. मला वाटलं, होऊ दे हिचं रडून."

वरती सुतार कौलं मोजत होते. ताईंनी वाडगा काकूंच्या हातातून घेतला, एक घोट घेतला आणि परत दिला.

"मग आज 'विसरलीस' एवढंच का म्हणालीस? रडले ते का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर होतं ना," छायुन काकू म्हणाल्या.